नणंदेचा टॅग

कारखान्यात तिला सगळे चाळणीबाई म्हणत आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटलं असतं तर तिने ते नाव स्वतःच्या चहाच्या कपावर रंगवून घेतलं नसतं. कारखाना धुलाईची मोठी मशीनं बनवायचा. इस्पितळं, हॉटेलं, वसतिगृहं अशा ठिकाणी चादरींचे ढीग धुणारी. मशीन बसवायचं कसं, चालवायचं कसं आणि रुसलं तर समजूत कशी काढायची, हे लिहिणं हिचं काम. बावीस वर्षं ती दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीत बसून हे करत आली होती. खोलीच्या बरोबर खाली चाचणीचा हॉल होता. खाली मशीन वेगात फिरू लागलं की वर टेबलावरची टाचण्यांची डबी हळूहळू सरकत कडेला यायची, आणि ती मान वर न करता डाव्या हाताने डबी परत जागेवर बसवायची.

ती नोकरीला लागली तेव्हा एका मशीनची पाच मॅन्युअलं होती. एक ऑपरेटरचं, एक मेकॅनिकचं, एक मशीन बसवणाऱ्यांचं, एक डीलरचं आणि पाचवा भिंतीवर लावायचा तक्ता. पाचही पाच जणांनी लिहिलेली, त्यामुळे पाच तोंडांना पाच गोष्टी. एकात झडप डावीकडे फिरवा, तर दुसऱ्यात उजवीकडे. मेकॅनिकांना विचारलं तर ते म्हणत, "आम्ही दोन्हीकडे फिरवून बघतो."

तिने तीन वर्षं खपून या सगळ्यांची मिळून एक मोठी फाइल केली. प्रत्येक परिच्छेदाला टॅग लावला: हा ऑपरेटरसाठी, हा मेकॅनिकसाठी, हा फक्त डीलरसाठी. मग प्रत्येक पुस्तकाची एक छोटी यादी केली, त्या पुस्तकातून कोणते टॅग वगळायचे याची. बटण दाबलं की ती मोठी फाइल यादीतून गाळून निघे आणि ज्याचं त्याचं पुस्तक तयार. स्वयंपाक एकदाच करायचा आणि प्रत्येकाच्या ताटात त्याला पचेल तेवढंच वाढायचं. झडप त्या दिवसापासून पाचही पुस्तकांत डावीकडेच फिरू लागली.

ही सवय हाताला लागली तशी जिभेलाही लागली. एकदा घरातल्या कपाटाची काच तिच्या हातून फुटली. सासूबाईंना तिने सांगितलं, "काचेला तडा होताच, आज गेली एकदाची." नवऱ्याला सांगितलं, "कपाट भिंतीला टेकवू नका म्हणून मी किती दिवस सांगतेय." आणि फोनवर बहिणीला सांगितलं, "अगं, झाडूचा दांडा लागला." तिन्हींत खोटं असं काही नव्हतं. तडा होता, कपाट भिंतीला टेकलेलं होतं आणि दांडाही लागला होता. ज्याला जेवढं हवं तेवढं दिलं, यात पाप कसलं, असा तिचा हिशेब होता.

हा हिशेब फक्त एका माणसापुढे चालत नसे. ती म्हणजे तिची नणंद.

नणंद नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठी. एका इस्पितळाच्या लाँड्रीत दिवसपाळीची मुख्य. लग्न केलं नव्हतं, कुणी का म्हणून विचारलंच तर ती म्हणे, "धुवायला चादरी कमी आहेत का?" दर रविवारी भावाकडे यायची, दारातच चपलांची रांग सरळ करायची आणि मग घर सरळ करायला आत शिरायची. तिला छापील अक्षराबद्दल फार आदर होता आणि बोललेल्या शब्दाबद्दल अजिबात नव्हता, त्यातून तो भावजयीने बोललेला असेल तर विचारायलाच नको.

ऑपरेटरचं पुस्तक लिहिताना चाळणीबाईच्या डोळ्यांपुढे कायम हीच नणंद असे. हिला कळलं की जगाला कळलं. म्हणून तिने एक गुपचूप टॅग करून ठेवला होता, ‘नणंद’ नावाचा. त्यात ती स्वतःसाठी टिपा लिही. हा टॅग पाचही याद्यांत वगळलेला, त्यामुळे टिपा कुठल्याच पुस्तकात जायच्या नाहीत. अळीमिळी गुपचिळी. बारा वर्षांत अशा एक्केचाळीस टिपा साठल्या. त्यांतल्या काही अशा:

‘इथे तीन ओळींत संपव. चौथ्या ओळीला नणंद चष्मा काढते.’

‘कृपया लिहू नको. कृपया म्हटलं की नणंदेला वाटतं, नाही ऐकलं तरी चालेल.’

‘साबणाचं माप ग्रॅममध्ये सांगून उपयोग नाही, नणंद मुठीने घालते. मुठीचं माप दे. तिची मूठ मोठी आहे, फक्त देताना लहान होते.’

‘इथे चित्र टाक. नणंद वाचणार नाही, पण चित्रातली चूक मात्र काढेल.’

काम करताना कंटाळा आला की चाळणीबाई या टिपा वाचून एकटीच हसत बसे. खालच्या हॉलचे फोरमन कधी वर आले की विचारत, "बाई, मॅन्युअलमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं?" ती म्हणे, "फोरमनसाहेब, ते तुमच्या टॅगमध्ये नाही."

असं बरं चाललं होतं. मग कपडे पिळायचं नवीन मशीन आलं.

मशीन चांगलं होतं. ओल्या चादरी टाकायच्या, झाकण लावायचं, ड्रम भन्नाट वेगाने फिरायचा आणि पाणी काढून टाकायचा. फिरत असताना झाकणाला आपोआप कुलूप लागे. खोट एकच होती. मध्येच वीज गेली तर कुलूप सुटायचं, ड्रम मात्र आपल्या वेगाने फिरतच राहायचा. चाचणी विभागाचा अहवाल होता, की वीज गेल्यावर ड्रम थांबायला चाळीस सेकंद लागतात. तिने स्वच्छ सूचना लिहिली: वीज गेल्यावर चाळीस सेकंद झाकण उघडू नका. टॅग लावला ऑपरेटर आणि मेकॅनिक, दोन्ही.

विक्रीसाहेबांनी तिला खाली बोलावलं. मॅन्युअलं छापायला जाण्याआधी प्रत्येक पुस्तकाच्या यादीवर त्यांची सही लागे. माणूस वाईट नव्हता, पण मशीन विकलं गेलं नाही तर त्यांना जेवण जात नसे.

"बाई, गिऱ्हाईक पुस्तक उघडणार आणि वाचणार की यात हात जाऊ शकतो. घेईल का मशीन?"

"साहेब, ते सव्विसाव्या पानावर आहे."

"तेच म्हणतोय मी. तिथपर्यंत कुणी वाचत नाही. मग ठेवायचं कशाला?"

"ड्रममध्ये हात मेकॅनिक घालत नाही साहेब, ऑपरेटर घालते."

"वर्षभरात नवीन कुलूप येतंय. तोवर मेकॅनिकला माहीत असलं म्हणजे झालं. तो सांगेल तिला. ऑपरेटरचा टॅग काढा."

तिने काढला. वर येऊन कप जरा जोरातच आपटला. आणि त्याच आठवड्यात नवऱ्याने जेवताना सहज सांगितलं, की अक्काच्या लाँड्रीत पिळायची दोन नवी मशीनं येणार आहेत, तुमच्याच कारखान्याची.

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. नणंद तिला आवडत नव्हती, हे खरं. पण नणंदेचे ते रुंद, साबणाने पांढरे पडलेले हात ती पंचवीस वर्षं बघत होती. त्यांतला एक हात फिरत्या ड्रममध्ये, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. तिला भीती वाटली, सरळ साधी भीती.

रविवारी तिने नणंदेला सांगून पाहिलं.

"वन्सं, नवीन मशीनवर वीज गेली तर लगेच झाकण उघडू नका हं. चाळीस सेकंद थांबा."

"कुठे छापलंय?"

"मेकॅनिकच्या पुस्तकात."

"मी मेकॅनिक आहे?"

"नाही, पण—"

"मग ते माझ्यासाठी नाही. मशीन तू लिहितेस वहिनी, चालवते मी."

पालथ्या घड्यावर पाणी. आणि गंमत म्हणजे नणंदेचं बोलणं चाळणीबाईच्या स्वतःच्याच नियमाला धरून होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मग तिने ठरवलं. तिच्या त्या गाळण्याचा एक नियम होता, जो तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. परिच्छेदाला दोन टॅग असले तर तो दोन्ही टॅग वगळले तरच गळायचा. एक जरी मोकळा राहिला, तरी परिच्छेद सुटून पुस्तकात जायचा. सूचनेला मेकॅनिकचा टॅग होताच. ऑपरेटरच्या यादीत मेकॅनिक वगळा असं लिहिलेलं साहेबांना दिसलं की ते खूश होऊन सही करणार. मागे राहिला प्रश्न आणखी एका टॅगचा. सूचना नणंदेसाठीच होती, म्हणून हाताला तेच नाव आलं. तिने सूचनेला ‘नणंद’ हा दुसरा टॅग लावला आणि ऑपरेटरच्या यादीतून ‘नणंद वगळा’ ही ओळ काढून टाकली.

एरवी न बघता सही करणाऱ्या साहेबांनी या वेळी यादी डोळ्यांत तेल घालून वाचली. मेकॅनिक, वगळला. डीलर, वगळला. जे यादीत नव्हतंच ते त्यांना दिसणार कसं? सही झाली. पुस्तक तयार झाल्यावर तिने सव्विसावं पान उघडलं. सूचना जाड अक्षरांत, चौकटीत, राणीसारखी बसली होती. बाकीची पानं तिने पाहिली नाहीत. बाकीचं बहुतेक जुन्या मशीनचंच होतं, बारा वर्षं तेच. त्यात पाहायचं काय? सहाशे प्रती छापून झाल्या आणि त्या दिवशी ती घरी जाताना गाणं गुणगुणत गेली.

तीन आठवड्यांनी फोरमन हातात पुस्तक घेऊन वर आले. चेहरा गंभीर, मिशी मात्र हलत होती.

"बाई, यात एक नवीन पात्र आलंय."

"काय आलंय?"

"नववं पान. ‘डावं-उजवं सांगू नको, नणंद मशीनच्या मागे उभी राहून वाचेल आणि मग मलाच चूक म्हणेल.’ ही कोण बाई? स्वभाव ओळखीचा वाटतोय."

चाळणीबाईने पुस्तक हिसकावून घेतलं. नववं पान, चौदावं, सतरावं. एकसारखी पानं उलटत गेली. सगळ्या टिपांना तोच ‘नणंद’ टॅग होता, आणि ऑपरेटरच्या यादीत आता तोच मोकळा होता. ज्या दारातून तिने सूचना बाहेर काढली, त्याच दारातून एक्केचाळीस टिपा ओळीने बाहेर पडल्या होत्या. बारा वर्षांची झाकली मूठ, तिने स्वतःच्या हाताने उघडून, बांधणी करून, सहाशे प्रतींत वाटली होती.

"किती गेल्या?" तिने विचारलं.

"दोनशेच्या वर. त्या इस्पितळाची दोन मशीनं परवाच गेली."

आता साहेबांना सांगावं तर टिपांबरोबर सूचनाही उडणार. न सांगावं तर नणंद वाचणार. बराच विचार करून तिने काहीच न करण्याचं ठरवलं, आणि वर स्वतःला समजावलं, की चौथ्या ओळीला चष्मा काढणारी बाई नवव्या पानापर्यंत पोचतेच कशाला.

पण नणंद पोचली. पुढचा रविवार चुकला, त्यापुढच्या रविवारी ती आली. अंगात उन्हाळ्याच्या दिवसांत मनगटापर्यंत बाह्या आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. चपला सरळ केल्या नाहीत. सासूबाई, नवरा, सगळे बसले होते, त्यांच्या मधोमध खुर्ची ओढून तिने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. एक टीप नाही, दोन नाहीत, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

"‘तिची मूठ मोठी आहे, फक्त देताना लहान होते.’ अगं आई, तुझ्या सुनेने माझं चरित्र छापलंय. लाँड्रीत बायका पाठ म्हणून दाखवतात. साबण घ्यायला गेले की विचारतात, मोठी मूठ की लहान?"

नवऱ्याने तोंडावर रुमाल धरला. सासूबाई म्हणाल्या, "ते चित्रातल्या चुकांचं मात्र खरं आहे हो."

चाळणीबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "वन्सं, चुकून झालं," एवढंच ती म्हणाली. तिच्याकडे याहून बरी आवृत्ती त्या वेळी तयार नव्हती.

"चहा टाक," नणंद म्हणाली, आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. आल्यावर दार लोटून घेतलं. चाळणीबाईला वाटलं, आता खरं भांडण.

नणंदेने उजवी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला होता आणि मधली कातडी सोलून निघाली होती.

"गेल्या आठवड्यात वीज गेली," ती हळू आवाजात म्हणाली. "मी चाळीस मोजले. मोठ्याने मोजले. एकोणीस वर्षं मी ड्रमचा आवाज ऐकून झाकण उघडते, कधी काही झालं नाही. त्या दिवशी आवाजाकडे लक्ष दिलं नाही, तुझ्या आकड्याकडे दिलं. छापलेला होता ना."

चाळणीबाईच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकलं.

"ड्रम फिरत होता?"

"सावकाश, पण फिरत होता. बाही अडकली. फाटली म्हणून हात सुटला." नणंदेने बाही खाली केली. "हे चाळीस मोजले कुणी?"

"चाचणीवाल्यांनी."

"रिकामा ड्रम फिरवून मोजले असतील. ओल्या चादरींचं वजन घालून मोजा म्हणावं. आम्ही नंतर घड्याळ लावलं. अकरा वेळा. बासष्टच्या खाली एकदाही नाही." मग म्हणाली, "आईला सांगू नकोस. ती मला नोकरी सोडायला लावेल."

चाळणीबाई रडली. चहा उतू गेला तरी रडत राहिली. तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की नणंदेने आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं होतं.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि काहीही न गाळता सगळं सांगितलं. दोन टॅगांचा नियम, काढून टाकलेली ओळ, एक्केचाळीस टिपा, चाळीस सेकंद, सोललेला हात. सांगताना आपला आवाज परका वाटतोय असं तिला वाटलं. साहेब आधी लाल झाले, हाताचं ऐकल्यावर पांढरे झाले.

"मेकॅनिकच्या पुस्तकातही चाळीसच आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे चाळीसच आहे साहेब. लिहिलं मीच. ओला ड्रम मोजला का, हे मी विचारायला हवं होतं."

दोघं हॉलमध्ये उतरले. फोरमननी चादरी भिजवून ड्रम भरला, वेग येऊ दिला आणि वीज तोडली. चौसष्ट सेकंद. परत केलं, एकसष्ट. परत, सहासष्ट. चौथ्या वेळी साहेबांनी फोरमनच्या हातातलं घड्याळ स्वतःकडे घेतलं. पासष्ट. त्यांनी घड्याळ फोरमनना परत दिलं.

"सगळ्या पुस्तकांत घाला," ते म्हणाले. "तक्त्यावरसुद्धा. आणि जिथे जिथे मशीनं गेलीत तिथे आजच्या आज कळवा."

"टॅग कुठला लावू?"

"काही लावू नका."

नव्या सूचनेत आकडा ऐंशी झाला. त्याखाली तिने आणखी एक ओळ घातली: आकडा मोजून झाला तरी ड्रमचा आवाज पूर्ण थांबल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. साहेबांनी विचारलं, हे कुठल्या अहवालात आहे? ती म्हणाली, एकोणीस वर्षांच्या. त्यांनी सही केली. शिक्षा मात्र झाली. यादीत फेरफार केल्याबद्दल एक कडक पत्र तिच्या नावाने निघालं आणि यापुढे याद्या एकटीने बदलायला बंदी आली. पत्राच्या शेवटी ‘कृपया असे पुन्हा करू नये’ असं होतं. ते वाचून फोरमन म्हणाले, "बाई, कृपया म्हटलंय. म्हणजे चालेल." तिने पत्राची घडी घालून खणात ठेवली आणि त्या दिवशी ती हसली नाही.

त्या रविवारी नणंद आली, चपला सरळ करून आत आली, आणि सवयीने भांडी आवरायला लागली. वरच्या फळीवर डबा ठेवताना बाही कोपरापर्यंत घसरली. सासूबाई समोरच बसल्या होत्या.

"अगं, हाताला काय झालं?"

"दार लागलं," नणंद म्हणाली.

"बादली पडली," त्याच क्षणी भावजय म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही घाईघाईने फळीवरचे डबे लावू लागल्या. सासूबाईंनी चष्मा पुसला, परत लावला, आणि आधी लेकीकडे, मग सुनेकडे निरखून पाहिलं.

"दोघी आत जा आणि एक काय ते ठरवून या," त्या म्हणाल्या. "आणि जाताना मलम घेऊन जा. खरं काय ते मी नंतर विचारेन."